‘उन्हाळ’ कुठे सापडेल? इन्फर्मेशन आर्किटेक्ट नेमकं काय करतो

दिवाळीच्या मागेपुढे लासलगावच्या बाजारात दोन हंगामांचा कांदा एकाच वेळी येतो. चाळीतला, म्हणजे साठवणीच्या शेडमधला, उन्हाळ (उन्हाळी कांदा) संपत आलेला असतो आणि नव्या लाल कांद्याचे पहिले ट्रॅक्टर रांगेत लागायला लागतात. दोघांचे भाव वेगळे, कधी थोड्या फरकाने, कधी चांगल्याच. आता समजा, नाशिकमधल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला बाजारभावाचं अ‍ॅप करायचं काम मिळालं. प्रोग्रामर हुशार आहेत, डिझायनरने स्क्रीनही छान काढल्यात. अ‍ॅप उघडलं की समोर येतं: ‘कमोडिटी मास्टर’, ‘मार्केट यार्ड’, ‘अरायव्हल रिपोर्ट’, ‘इतर’. चाळीत शंभर क्विंटल उन्हाळ घेऊन बसलेल्या विंचूरच्या शेतकऱ्याने यातलं काय दाबायचं?

भाव अ‍ॅपमध्ये आहे, चुकीचाही नाही. फक्त तो ‘अरायव्हल रिपोर्ट’च्या आत, ‘ओनियन’ या नावाखाली, आणि विंचूर हा लासलगाव समितीचा उपबाजार असल्यामुळे लासलगावच्या पोटात दडलाय. शेतकरी दोनदा चाचपडतो आणि सरळ भावकीतल्या कुणाला तरी फोन लावतो, “काय निघाला रे आज?”

कोणती गोष्ट कोणत्या नावाने, कशाच्या शेजारी ठेवायची आणि तिथवर माणसाने कोणत्या वाटेने पोचायचं, हे ठरवण्याचं काम इन्फर्मेशन आर्किटेक्टचं. स्क्रीन रंगवायच्या आधीचं आणि कोडची पहिली ओळ लिहायच्याही आधीचं.

आपल्याकडे या कामाचा घोळ बाकीच्या तीन-चार पदांशी होतो, म्हणून ते आधी सोडवून टाकू. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट कोडचे भाग कसे जोडायचे, कुठल्या सर्व्हरवर काय चालवायचं हे बघतो. डेटाबेस करणारा माहिती साठवायची कशी ते ठरवतो. यूआय डिझायनर बटण केवढं, रंग कुठला, अक्षर कोणतं ते पाहतो. या तिघांच्या मधली जी जागा उरते, म्हणजे वापरणाऱ्याच्या डोक्यात या जगाचे कोणते कप्पे आहेत आणि आपल्या अ‍ॅपमधले कप्पे त्यांच्याशी जुळतात का, ती या माणसाची. छोट्या कंपनीत हे पद नसतंच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी बिलिंगची आणि स्टॉकची सॉफ्टवेअर करणाऱ्या दहा-वीस माणसांच्या ऑफिसात असं वेगळं माणूस कोण ठेवणार? पण पद नसलं म्हणून काम टळत नाही. कुणीच न ठरवता नावं पडतात तेव्हा ती डेटाबेसच्या टेबलांवरून पडतात. ‘कमोडिटी मास्टर’ हे नाव मेनूत तसंच आलेलं असतं. टेबलाचं नाव प्रोग्रामरच्या सोयीचं होतं, ते उचलून शेतकऱ्यापुढे ठेवलं गेलं.

या विषयाचा उगम सॉफ्टवेअरमध्ये नाही. रिचर्ड सॉल वर्मन हे इमारतींचे आर्किटेक्ट. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे ते प्रमुख होते, आणि अधिवेशनाचा विषय त्यांनी ठेवला माहितीची वास्तुरचना. इंटरनेट घराघरांत यायला अजून बरीच वर्षं होती. वेबसाइटचं जंगल वाढल्यावर, १९९८ मध्ये, लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी वेबसाठी याच विषयावर पुस्तक लिहिलं. दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले. कामाचे चार भाग त्यांनी पाडले, ते आजही चालतात: गटवारी कशी करायची, नावं काय द्यायची, एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं कसं आणि शोध कसा चालवायचा.

पण माझ्या मते या मंडळींच्या कितीतरी आधी मूळ गोष्ट सांगून ठेवली ती आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी. गणित शिकवणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना सुचलं की ठरावीक तुकडे जोडून हवी ती आकृती तयार होते, तसे विषयही तुकड्यांतून जोडता येतील. त्यातून १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत आली. तोवरच्या पद्धतींत बहुतेक विषयांसाठी तयार खण होते, पुस्तक त्यातल्या एकात बसवायचं. रंगनाथन म्हणाले, विषयाला अनेक बाजू असतात: तो कशाबद्दल आहे, कोणत्या पदार्थाशी संबंधित आहे, त्यात कोणती क्रिया आहे, कुठला आहे, कधीचा आहे. प्रत्येक बाजू वेगळी लिहा आणि मग जोडा.

ऑनलाइन खरेदी करताना डावीकडे किंमत, रंग, आकार, ब्रँड असे फिल्टर दिसतात, ते याच विचाराच्या वंशातले. आपल्या कांद्यालाही हे लागू करून बघा. शेतमाल कांदा. प्रकार उन्हाळ, लाल किंवा रांगडा. बाजार विंचूर. तारीख आजची. या चार बाजू सुट्या ठेवल्या की शेतकऱ्याने कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. आधी विंचूर निवडून मग उन्हाळ पाहा, किंवा आधी उन्हाळ निवडून लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला सगळीकडचा भाव शेजारीशेजारी पाहा. झाडाच्या फांद्यांसारखा एकच रस्ता ठेवला असता, म्हणजे जिल्हा, मग समिती, मग उपबाजार, मग शेतमाल, तर दुसरा प्रश्न विचारताच आला नसता. आणि गाडी कुठे न्यायची हे ठरवताना शेतकऱ्याला दुसराच प्रश्न पडलेला असतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते याच अ‍ॅपवर पाहू. समजा, ही जबाबदारी एका मुलीवर आली.

पहिले काही दिवस ती एक्सेल शीट भरत बसेल. अ‍ॅपमध्ये जाणार आहे त्या प्रत्येक गोष्टीची नोंद: काय आहे, कुठून येतं, किती वेळाने बदलतं, कुणाला लागतं, जुनं झालं की काय करायचं. काम कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही. पण याच शीटमध्ये पहिल्यांदा लक्षात येतं की भाव लिलावाच्या दर सत्रात बदलतो, योजनेची माहिती वर्षभर तशीच पडून असते, आणि दोन्ही एकाच ‘बातम्या’ नावाच्या खणात कोंबलेल्या आहेत.

मग ती बाजार आवारात जाऊन बसेल. प्रश्न थोडे विचारायचे, ऐकायचं जास्त. तिथे कळेल की घरून निघताना शेतकऱ्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतोच. “उद्या बाजार चालू आहे ना?” हा असतो. सण असतो, मध्येच व्यापाऱ्यांचा किंवा हमाल-मापाऱ्यांचा संप निघतो, अमावस्येला लिलाव बंद ठेवायची प्रथाही या भागात वर्षानुवर्षं होती. ट्रॅक्टर भरून, भाडं ठरवून पहाटे निघालेला माणूस बंद गेटसमोर उभा राहिला तर त्याला भावाच्या आलेखाचं काय करायचंय? सॉफ्टवेअरमध्ये मात्र सुट्ट्यांची यादी ‘सेटिंग्ज’मध्ये, अ‍ॅडमिनच्या पानावर असते. कारण प्रोग्रामरच्या दृष्टीने ती एकदा भरून ठेवायची गोष्ट. ती यादी तिथून उचलून पहिल्या पानावर, सगळ्यात वर, ‘उद्या लिलाव: चालू’ अशा एका ओळीत आणणं, हा इन्फर्मेशन आर्किटेक्चरचा निर्णय. कोडच्या दृष्टीने तासाभराचं काम असेल, पण ते सुचायला आवारात बसावं लागतं.

त्यानंतर चिठ्ठ्या. धंद्यात याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. ‘आजचा भाव’, ‘सौदापट्टी’, ‘काटापावती’, ‘हिशोबपट्टी’, ‘हमाली-तोलाई’, ‘आवक’, ‘पैसे कधी मिळतील’ अशा तीस-चाळीस चिठ्ठ्या करायच्या, एकेका शेतकऱ्यापुढे टेबलावर पसरायच्या आणि म्हणायचं, काका, तुम्हाला जे एकत्र असावंसं वाटतं ते एकत्र ठेवा, आणि त्या ढिगाला नाव द्या. मध्ये बोलायचं नाही. हे सांगायला सोपं, करायला अवघड; चूक होतेय असं दिसलं की हात शिवशिवतात. इथे चूक-बरोबर नसतं. अभियंत्याने काटापावती ‘वजन’ या गटात टाकलेली असेल. शेतकरी ती हिशोबपट्टीशेजारी ठेवेल, कारण पट्टीवरचं वजन पावतीशी जुळतंय का आणि हमाली-तोलाईचं किती कापलं, हे पाहायला त्याला दोन्ही कागद एकत्रच लागतात. पंधराएक माणसांबरोबर हे केलं की बहुतेक गट स्पष्ट होतात. जिथे पंधराजणांचे पंधरा ढीग होतात, तिथे नाव किंवा गोष्टच गोंधळाची आहे असं समजायचं.

या ढिगांवरून मेनूचा आराखडा तयार झाला की उलटी परीक्षा. याला ट्री टेस्टिंग म्हणतात. रंग नाही, चित्र नाही, नुसत्या शब्दांचा मेनू कागदावर लिहायचा आणि काम द्यायचं: “मागच्या गाडीचे किती पैसे कापले गेले ते शोधा.” बोट पहिल्यांदा कुठे जातं ते टिपायचं. पहिलं बोट चुकलं की पुढचं बरोबर पडण्याची शक्यता बरीच कमी होते. स्क्रीन तयार झाल्यावर ही चूक सापडली तर डिझायनर, प्रोग्रामर, टेस्टर तिघांचं काम परत. कागदावर सापडली तर एक ओळ खोडायची.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे नावं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. तालुका निवडायची यादी म्हणजे सगळ्यात साधी गोष्ट, दोन मिनिटांचं काम, असं वाटतं ना? मराठी अ‍ॅपमधली अशी एखादी यादी उघडून पाहा. बागलाण, चांदवड, देवळा, दिंडोरी, इगतपुरी, कळवण… हा कुठला क्रम? इंग्रजी स्पेलिंगचा. यादी एबीसीडीने लावली आणि नंतर नुसती नावं मराठीत बदलली. मराठी क्रमाने इगतपुरी पहिला यायला हवा, सुरगाणा शेवटी. बरं, संगणकाने अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकावरून मांडणी केली तरी ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये मिसळतो, आपल्या मुळाक्षरांत ते शेवटी येतात. मराठीचा क्रम हवा असं वेगळं सांगावं लागतं, आणि सांगणारं कुणी नसेल तर कोण सांगणार?

पुढे त्याच यादीत सटाण्याचा माणूस ‘स’वर जाऊन सटाणा शोधतो. नसतो. कारण सरकारदरबारी तालुका बागलाण, मुख्यालय सटाणा. बागलाण हे नाव त्यालाही माहीत आहे, पण घाईत बोट ‘स’वरच जातं. उपाय सोपा: एक अधिकृत नाव ठरवायचं आणि बाकीची सगळी त्याला जोडून ठेवायची, म्हणजे कुठलंही टाइप केलं तरी एकाच ठिकाणी पोचता येतं. अशा पर्यायी नावांच्या यादीत ‘उन्हाळ’, ‘उन्हाळी’ आणि ‘रब्बी कांदा’ एकत्र बांधलेले असतात, ‘नाशिक’ आणि ‘नासिक’ही.

उलटा प्रकारही असतो, नाव एक आणि गावं दोन. नुसतं वडनेर म्हटलं तर चांदवड तालुक्यातलं वडनेर भैरव की मालेगावकडचं वडनेर खाकुर्डी? आणि नाव बदललं तर? शेजारचा अहमदनगर जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. ज्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं नाव हीच त्याची ओळख धरली, त्यांच्या जुन्या नोंदी एकीकडे आणि नव्या दुसरीकडे. ज्यांनी प्रत्येक ठिकाणाला सांकेतांक दिला आणि नाव ही फक्त त्यावरची पाटी ठेवली, त्यांना पाटी बदलावी लागली, इतकंच. केंद्र सरकारच्या स्थानिक संस्थांच्या निर्देशिकेत जिल्हा, तालुका, गाव सगळ्यांना असे सांकेतांक आहेत. ते वापरायचे सोडून स्वतःची यादी हाताने टाइप करणारे लोक पाहिले की मला खरंच कळत नाही, यांना शनिवारी-रविवारी दुसरं काही काम नसतं का.

एक बारीक गोष्ट, अगदी अक्षराच्या पातळीवरची. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घ्या. शेतीच्या अ‍ॅपमध्ये तो ठिकठिकाणी असणार. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत त्यासाठीचं वेगळं ‘ऱ’ अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कीबोर्डवर टाइप केलेली योजना, दुसऱ्या कीबोर्डवर शोधली की “काही सापडले नाही.” माहिती भरताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, असं प्रोग्रामरला लिहून द्यावं लागतं. कोड तो लिहील. पण हे घडतंय हे त्याला कसं कळणार? शोधाच्या नोंदी वाचून. लोकांनी काय टाइप केलं आणि हाती काही लागलं नाही, याची यादी दर आठवड्याला चाळणं हा या कामातला फारसा कुणाला न दिसणारा पण सोन्यासारखा भाग.

दोन समजुती मात्र डोक्यातून काढायला हव्यात. एक, कुठलीही गोष्ट तीन क्लिकमध्ये मिळालीच पाहिजे. तसा काही नियम नाही. प्रत्येक पायरीवर आपण बरोबर चाललोय अशी खात्री असेल तर माणूस पाच वेळा दाबतो आणि तक्रार करत नाही. दुसऱ्याच पायरीवर शंका आली तर तिथूनच परत फिरतो. दुसरी, मेनूत सातच गोष्टी हव्यात. हे जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखावरून उचललेलं. त्यांचा मुद्दा क्षणभर स्मरणात किती गोष्टी धरता येतात याबद्दल होता. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. पंधरा तालुके पंधराच दाखवा. माझी स्वतःची कसोटी याहून साधी आहे: ‘इतर’ या खणात काय काय आहे ते उघडून बघायचं. तिथे गर्दी असेल तर बाहेरची गटवारी चुकलेली आहे.

सगळ्यात अवघड भाग तंत्राचा नाहीच, तो माणसांचा. येत्या सिंहस्थाचं उदाहरण घ्या. २०२७ मध्ये लाखो भाविक येतील. त्यांच्यासाठीच्या माहितीत पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद, एसटी, रेल्वे, आरोग्य खातं सगळे असणार आणि प्रत्येकाला पहिल्या पानावर स्वतःचं नाव हवं असणार. भाविकाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याचे प्रश्न वेगळे: स्नान कधी, कुठे, गाडी कुठे लावू, आई हरवली तर कुणाला सांगू. त्यातही ‘कुठे’ हा प्रश्न नाशिकमध्ये दुहेरी आहे, कारण वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर आणि शैव आखाड्यांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, दोन्हींत तीसेक किलोमीटरचं अंतर. बाहेरून आलेल्याला ‘नाशिक रोड’ स्टेशन आणि पंचवटी यांत किती अंतर आहे तेही माहीत नसतं. खात्यांप्रमाणे मांडणी केली तर एकाच प्रश्नाचं उत्तर चार ठिकाणी विखुरतं. भाविकाच्या प्रश्नांप्रमाणे मांडायचं तर चार साहेबांना नाही म्हणावं लागतं. ते नाही कसं म्हणायचं? आवाज चढवून काही होत नाही. ट्री टेस्टिंगचे निकाल समोर ठेवायचे: ही दहा माणसं, यातली आठ चुकीच्या ठिकाणी गेली. साहेब आपल्या मताशी भांडतात, बोट कुठे गेलं याच्याशी सहसा भांडत नाहीत.

आता चॅटबॉट आलाय, विचारलं की उत्तर देतो, मग ही गटवारी कशाला, असं विचारणारे भेटतात. बॉट उत्तर काढतो ते आपण ठेवलेल्या कागदांतून. तीन वर्षांची तीन परिपत्रकं बिनतारखेची पडली असतील, तर तो त्यातलं कुठलंही एक उचलून ठामपणे सांगेल. कागदावर तारीख, बाजार, प्रकार, ‘हे रद्द झालं’ अशी खूण लावण्याचं काम उलट वाढलंय.

हे कुणाला जमतं? कोडिंग आलंच पाहिजे असं नाही, पण डेटाबेसमध्ये टेबलं एकमेकांना कशी जोडतात आणि शोध कसा चालतो एवढं समजायला हवं, नाहीतर प्रोग्रामर हसून टाळतात. भाषेचा कान हवा. एक्सेलशी वैर नको. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना तर अर्धा विषय आधीच येतो. आपल्या मुक्त विद्यापीठातही ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, आणि १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे तिथल्या किती ग्रंथपालांना आपण सॉफ्टवेअर कंपनीत चालू शकतो हे कुणी सांगितलंय? माझ्या पाहण्यात चांगलं काम करणारे अनेकदा टेस्टिंगमधून, पत्रकारितेतून किंवा शिकवण्यातून आलेले असतात.

नोकरी शोधताना ‘इन्फर्मेशन आर्किटेक्ट’ एवढंच टाकलं तर नाशिकमध्ये फारसं हाती लागणार नाही. ‘यूएक्स डिझायनर’, ‘कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट’, ‘टॅक्सॉनॉमिस्ट’, ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ असंही शोधा आणि जाहिरातीतलं कामाचं वर्णन नीट वाचा. पाटी वेगळी असते, काम हेच. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या फायलीपेक्षा एक नमुना न्या. रोज वापरात असलेलं एखादं मराठी अ‍ॅप घ्या, त्याच्या सगळ्या पानांची शीट करा, घरातल्या-शेजारच्या आठ-दहा जणांना चिठ्ठ्या लावायला द्या, नवा मेनू कागदावर मांडा, आणि कोण कुठे अडलं ते तारखेसह लिहा.